पायलटच्या मेडिकलसाठी हार्टच्या टेस्ट: टेक्निशियन एक नंबर, काउंटर मात्र डोक्याला ताप

पुण्यातल्या या सेंटरला भाचीला घेऊन गेले होते, तिचं क्लास २ मेडिकल (शिकाऊ पायलटची वैद्यकीय तपासणी) चालू आहे आणि पुढे क्लास १ (कमर्शियल लायसन्ससाठीची) करायचंय. साध्या ईसीजीवर मशीनने आपोआप ‘इनकम्प्लीट आरबीबीबी’ (हृदयाच्या उजव्या बाजूला विद्युत संदेश किंचित उशिरा पोचणं) छापलं म्हणून तिच्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या) पॅनेलवरच्या डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी) दोन्ही लिहून दिलं. घरी लगेच सुतकी चेहरे, ताईने तर फ्लाइंग स्कूलची फी परत मिळेल का इथपर्यंत मजल मारली. खरं तर तरुण धडधाकट मुलांच्या ईसीजीत हे बऱ्याचदा दिसतं आणि नुसत्या मशीनच्या त्या ओळीवर कोणी कोणाला अनफिट करत नाही, पण ते सांगायला कोणीतरी भेटावं लागतं ना.

इथे भेटले. इको करणारे कार्डिओलॉजिस्ट अगदी निवांत माणूस. डाव्या कुशीवर झोपवलं, गार जेली लावली, श्वास सोडून धर म्हणाले आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून एकेक गोष्ट दाखवत गेले. एओर्टिक व्हॉल्व्हला तीन पाकळ्या आहेत का हे मुद्दाम पाहिलं, कारण काही जणांना जन्मापासून दोनच असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. बंद झाला की हुबेहूब मर्सिडीजचा लोगो! भाची टेन्शन विसरून तेच बघत बसली. पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) ६२ टक्के, म्हणजे नॉर्मल, बाकीही सगळं नॉर्मल.

टीएमटीची टेक्निशियन मुलगी तर भारीच. पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतो, सुरुवात ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि १० टक्के चढ, म्हणजे पहिली तीन मिनिटं पर्वती चढणाऱ्याला काहीच वाटत नाही, तिसऱ्या टप्प्यापासून मजा सुरू होते. ‘दांडा घट्ट धरू नकोस गं, नुसती बोटं टेकव, पुढे बघ’ हे ती सारखं सांगत होती आणि ते बरोबरच आहे, दांड्यावर भार टाकला तर हृदयाला खरं काम पडतच नाही. प्रत्येक टप्प्याला बीपी, आणि थांबल्यावरही खुर्चीत बसवून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. काही ठिकाणी पट्टा थांबला की लगेच वायरी ओढून काढतात म्हणे.

आता काउंटर. मी ‘एकोणीस’ सांगितलं, त्याने वय २९ टाकलं. २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के असं टीएमटीत गाठायच्या ठोक्यांचं टार्गेट निघतं, म्हणजे १९ ला साधारण १७१ ठोके आणि २९ ला १६२. टेस्ट लवकर संपली असती आणि रिपोर्ट वर पाठवल्यावर कोणीतरी शंका काढली असती. टेक्निशियनच्याच लक्षात आलं, तिने दुरुस्त केलं, काउंटरवाला मोबाइलमध्येच होता.

शिवाय ‘पायलट हार्ट पॅकेज घ्या मॅडम, फिट सर्टिफिकेट पण देतो’. अहो, फिट-अनफिट ठरवणारे तुम्ही कोण? लॅब फक्त रिपोर्ट देते, निर्णय डीजीसीएच्या परीक्षक डॉक्टरांचा आणि शेवटी डीजीसीएचा. सेंटरच्या लेटरहेडवर ‘फिट टू फ्लाय’ लिहून आणलं तर त्याची पुडी बांधायची. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच करा, जास्तीच्या टेस्टला नाही म्हणा.

आणि रिपोर्ट! पहिल्यांदा हातात एक पान ठेवलं, ‘टीएमटी निगेटिव्ह’ (म्हणजे दोष दिसला नाही), बास. सगळ्या टप्प्यांचे आलेख, बीपीच्या नोंदी, डॉक्टरांची सही-शिक्का हे सगळं मागून घ्यावं लागलं, मागितल्यावर दिलं पण तोंड वाकडं करून. नावाचं स्पेलिंग तिथेच ओळखपत्राशी ताडून बघा. ईसीजी थर्मल कागदावर असेल तर घरी जायच्या आधी झेरॉक्स काढा, त्यावरचं छापलेलं कालांतराने उडतं.

उपाशीपोटीच्या शुगरचं रक्त त्याच दिवशी द्यायचं असेल तर ते आधी, मग साधा ईसीजी आणि इको (त्यांना उपास लागत नाही), मग खाली पोहे, जेवणानंतरच्या शुगरचं रक्त दोन तासांनी आणि टीएमटी सगळ्यात शेवटी, नाहीतर पळापळीने शुगर खाली येते. सकाळचा चहा त्या दिवशी सोडा, पुणेकरांना जड जाईल पण सोडा. अंगाला क्रीम-लोशन लावून जाऊ नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, आणि मुलींनी पुढून उघडणारा सैल टॉप, ट्रॅक पँट, रोजचे वापरातले बूट.

टेस्टला पाच स्टार, काउंटरला एक, म्हणून तीन देतेय. पार्किंगचं नावच काढू नका, मेट्रोने नळ स्टॉपला उतरा. ती टेक्निशियन मुलगी फक्त सकाळच्या शिफ्टला असते, त्यामुळे फोन करून तिचीच वेळ मागा.