सुटसीआरएम: नऊ महिन्यांचा वापर आणि स्वतः लिहिलेल्या एक्स्टेन्शनची दुरुस्ती

सुटसीआरएम हे ग्राहकांच्या नोंदी आणि व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर. वापराची जागा हिंगणा एमआयडीसी. मशीनच्या सुट्या भागांची विक्री आणि जागेवर जाऊन दुरुस्ती, असा व्यवसाय. ग्राहक नागपूर, भंडारा, वर्धा इथले आणि सीमेपलीकडे छिंदवाडा, रायपूर, आदिलाबादपर्यंतचे. आवृत्ती 7.14, उबुंटू सर्व्हरवर पीएचपी 8.1 ही प्रोग्रामिंग भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस. स्वतःची चार एक्स्टेन्शन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडलेले छोटे प्रोग्राम, त्यावर चालतात: जीएसटी क्रमांकाची तपासणी, सर्व्हिस कॉलची वेळ ठरवणं, कोटेशनची पीडीएफ आणि थकबाकीची आठवण.

सुटसीआरएम 2013 साली शुगरसीआरएमच्या खुल्या आवृत्तीतून फुटून निघालं. परवाना एजीपीएल, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचा. सगळा कोड समोर असतो, त्यामुळे जे अडलं ते उघडून पाहता येतं. कार्यालयात लॉग (सिस्टिमने ठेवलेली घडामोडींची आणि चुकांची नोंद) वाचू शकणारा एक जरी माणूस असेल तर हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावं. नसेल तर एक्स्टेन्शनच्या फंदात न पडता मूळ सुविधांवर भागवावं. कारण इथे बहुतेक वेळा कोड बरोबर असतो आणि तो धावतच नसतो. कोड वाचत बसण्याआधी तो सिस्टिमपर्यंत पोचला का, हे बघायचं.

ते बघायची जागा ठरलेली आहे. हुक म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताना सिस्टिमने आपोआप चालवायचा आपला कोड. त्याची नोंद आपण कस्टम/एक्स्टेन्शन/मॉड्यूल्स/अकाउंट्स/एक्स्ट/लॉजिकहुक्स या फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहितो. सिस्टिम ती फाइल थेट वाचत नाही. ॲडमिनमधून 'क्विक रिपेअर अँड रिबिल्ड' चालवलं की अशा सगळ्या फाइली जोडून कस्टम/मॉड्यूल्स/अकाउंट्स/एक्स्ट/लॉजिकहुक्समध्ये एकच फाइल तयार होते, आणि वाचली जाते ती ही. म्हणून काही चालेना की आधी ही तयार फाइल उघडायची आणि आपली ओळ शोधायची. ओळ नसेल तर दोष बांधणीत आहे, कोडला हात लावू नका. तयार फाइलमध्येच दुरुस्ती करण्याचा मोह तर पूर्ण टाळा, पुढच्या रिपेअरला ती पुसली जाते.

ओळ न येण्याची, किंवा आली तरी बिघाड होण्याची कारणं मोजकी आहेत. फोल्डरच्या नावात लहानमोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक: विंडोजच्या लॅपटॉपवर तो खपतो, उबुंटूवर नाही. फाइलची मालकी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे नसणं. आणि नोटपॅडमध्ये सेव्ह करताना फाइलच्या सुरुवातीला बसलेलं अदृश्य बीओएम चिन्ह. मराठी लेबलांच्या फाइलींत हे फार होतं. या शेवटच्या प्रकारात ओळ दिसते, पण लॉगमध्ये 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येऊ लागतं. एडिटरमध्ये 'यूटीएफ-8, बीओएमशिवाय' निवडायचं.

सगळ्यात चकवणारा प्रकार वेगळाच. एखाद्या हुक फाइलच्या सुरुवातीला हुकॲरे हे चल, म्हणजे हुक्सची यादी, रिकामं करणारी ओळ असते. जुन्या नमुन्यांतून ती तशीच उतरवली जाते. सुटी फाइल पाहिली तर ती निरुपद्रवी वाटते. पण फाइली जोडल्यावर ती आपल्या आधीच्या सगळ्या हुक्सच्या नोंदी पुसते. थकबाकीचं नवं एक्स्टेन्शन टाकलं आणि जीएसटीची तपासणी गपचूप बंद पडली, असं चित्र दिसलं तर नव्वद टक्के हेच. ती ओळ काढायची आणि हुक नेहमी रिकाम्या चौकटी कंसाने यादीच्या शेवटी जोडायचा. उलटा प्रकारही होतो: तीच नोंद मॉड्यूलच्या जुन्या पद्धतीच्या लॉजिक हुक्स फाइलमध्येही असेल तर हुक दोनदा धावतो आणि ग्राहकाला एकच एसएमएस दोनदा जातो.

आता जीएसटीच्या एक्स्टेन्शनकडे. क्रमांक 15 अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, मध्य प्रदेश 23, छत्तीसगड 22, तेलंगणा 36. पुढची 10 अक्षरं पॅनची, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या जागी अक्षरंच आणि आठव्या ते अकराव्या जागी अंकच हवेत. 'ओ' आणि शून्याची गल्लत इथेच पकडता येते. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या क्रमांकात मागेपुढे स्पेस येतात, म्हणून तपासण्याआधी स्पेस काढायच्या आणि अक्षरं मोठी करायची. मग पहिले दोन अंक आणि पत्त्यातलं राज्य जुळतं का ते बघायचं. छिंदवाड्याच्या ग्राहकापुढे 27 दिसलं तर बहुधा त्याच्या नागपूरच्या शाखेचा क्रमांक घातलेला असतो.

चुकीचा क्रमांक बिफोर सेव्ह हुकमध्ये अडवायचा विचार मात्र सोडा. तिथून सेव्ह थांबवण्याची नीट सोय नाही. जबरदस्तीने थांबवलं की वापरणाऱ्यासमोर एररचं पान येतं आणि त्याने भरलेला सगळा फॉर्म जातो. योग्य विभागणी अशी: फॉर्मवरची अडवणूक जावास्क्रिप्टने, आणि हुकने फक्त 'जीएसटी तपासणी बाकी' या चौकोनात खूण करायची. हुक तरीही लागतोच, कारण सीएसव्हीतून आयात केलेले रेकॉर्ड फॉर्मच्या वाटेने येत नाहीत.

आफ्टर सेव्ह हुकमध्ये त्याच रेकॉर्डला पुन्हा सेव्ह करू नका. त्यातून पुन्हा आफ्टर सेव्ह, पुन्हा सेव्ह, असं चक्र सुरू होतं आणि मेमरी संपून पांढरं पान येतं. त्याच रेकॉर्डचं फील्ड बदलायचं असेल तर बिफोर सेव्हमध्ये नुसती फील्डची नवी किंमत (व्हॅल्यू) घाला, सेव्ह आपोआप होणारच आहे. किंमत खरंच बदलली का हे फेच्ड रो मधल्या जुन्या किमतीशी ताडून पाहा. नाहीतर फोन नंबर दुरुस्त केला तरी ग्राहकाला थकबाकीची आठवण जाते.

तारखांचा घोळ ओळखायला सोपा आहे. सर्व्हिस कॉल सकाळी 11 ला ठरवला आणि कॅलेंडरमध्ये दुपारी 4.30 दिसला, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते आणि दाखवताना भारतीय वेळ जोडली जाते. हुकने स्थानिक वेळ थेट लिहिली तर ती जोडणी आधीच पुढे असलेल्या वेळेवर होते. सिस्टिमच्या टाइमडेट वर्गातून बदलून घेतलेली वेळच लिहा.

पीएचपी 8 वर जुनी एक्स्टेन्शन तशीच टाकू नयेत. वर्गाच्याच नावाची जुनी कन्स्ट्रक्टर पद्धत आता कन्स्ट्रक्टर मानली जात नाही. एररही येत नाही, आतली तयारी फक्त होत नाही. रिकाम्या चलावर काउंट चालवलं की पूर्वी इशारा यायचा, आता काम तिथेच थांबतं. आणि रक्कम फॉर्मच्या रिक्वेस्टमधून थेट उचलून गुणाकार केला तर '1,25,000' चं 1 होतं, कारण वाचन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं. सिस्टिमचं अनफॉरमॅट नंबर फंक्शन वापरलं की प्रश्न मिटतो. हीच रक्कम पडद्यावर 125,000 दिसते, लाखाचा स्वल्पविराम मिळत नाही. कोटेशनसाठी तो एक्स्टेन्शनमध्ये स्वतः घालावा लागतो.

कोटेशन मराठीतून द्यायचं असेल तर पीडीएफ इंजिन (पीडीएफ बनवणारा भाग) आधी तपासा. टीसीपीडीएफ हे इंजिन देवनागरीची जुळणी करत नाही. 'विदर्भ' लिहिलं तर पहिली वेलांटी 'व'च्या आधी न येता नंतर येते आणि रफार सुटून 'र'चा पाय मोडलेला दिसतो. एमपीडीएफ निवडून फॉन्टच्या नोंदीत यूजओटीएलची किंमत 255 ठेवली की जोडाक्षरं नीट येतात.

सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनबद्दल थोडक्यात. तो दर मिनिटाला चालला पाहिजे आणि वेब सर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने. रूटच्या नावाने चालवला की कॅशच्या फाइली रूटच्या होतात आणि दोन दिवसांनी कुठलं तरी भलतंच पान उघडेनासं होतं. 'फक्त शेड्युलरमध्ये' म्हणून लावलेले वर्कफ्लो (ठरावीक अटीवर आपोआप होणारी कामं) धावत नसतील तर वर्कफ्लो नव्हे, आधी क्रॉन बघा.

नवी फील्ड जपून वाढवा. स्टुडिओतून (फील्ड आणि मांडणी बदलायचं ॲडमिनमधलं साधन) केलेलं प्रत्येक फील्ड मॉड्यूलच्या जोडटेबलात जातं आणि एका ओळीची मर्यादा 65,535 बाइटची आहे. यूटीएफ-8 एमबी4 या अक्षरपद्धतीत (एका अक्षराला 4 बाइटपर्यंत) 255 अक्षरांचं एक फील्ड 1,022 बाइट धरतं, म्हणजे साठेक फील्डनंतर 'रो साइज टू लार्ज' येणार. पिनकोडला 6, जीएसटीला 15, एवढीच लांबी द्या. आधीची 255 ठेवलेली फील्डही स्टुडिओतून कमी करता येतात, पण आत लांब मजकूर नाही ना, हे आधी बघून घ्या.

लॉगची पातळी एरवी 'फेटल' ठेवावी. बिघाड शोधताना 'डीबग', बिघाड पुन्हा एकदा घडवून बघायचा आणि लगेच मागे न्यायची. डीबगवर विसरली तर एकेक 10 एमबीच्या दहा फाइली भराभर फिरतात आणि हवी ती नोंद पुसली जाते. रिपेअरनंतर पानाच्या तळाशी एसक्यूएल दिसतं, ते वाचल्याशिवाय एक्झिक्यूट दाबू नका.

अपग्रेडमध्ये कस्टम फोल्डर टिकतं, मूळ फाइलींत केलेले बदल जातात. म्हणून अपग्रेड आधी वेगळ्या प्रतीवर करून बघा. बॅकअप घेताना फाइली आणि डेटाबेस एकाच वेळचे असावेत: स्टुडिओतल्या फील्डची नोंद डेटाबेसमध्ये आणि त्यांची मांडणी फाइलींत असते. एक सोमवारचा आणि दुसरा शुक्रवारचा परत आणला तर मांडणीत फील्ड दिसतं, पण टेबलात कॉलम नसतो.