कानाचं मशीन म्हणून विकली जाणारी आवाजाची डबी

मे महिना आणि गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस, या दोन वेळा कोकणात 'मोफत कर्णतपासणी शिबिर' असे फलक हमखास दिसतात. वेळ नेमकी साधलेली असते. चाकरमानी मुलगा घरी आलेला असतो, हातात थोडे पैसे असतात आणि फोनवर आई-बाबांना ऐकू जात नाही ही टोचणी त्याला वर्षभर असते. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत देवळाच्या सभामंडपात असंच शिबिर झालं. तिथे फसलेल्या एका कुटुंबाचा कागद न् कागद आणि ते मशीन समोर ठेवून हे लिहितो आहोत, कारण हाच प्रकार थोड्याफार फरकाने कुठेही होऊ शकतो.

सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना दोन्ही कानांची जोडी ३८ हजारांना दिली. 'मूळ किंमत ७६ हजार, निम्मे सरकारी अनुदान' असं सांगितलं. पैसे एका पोराच्या वैयक्तिक यूपीआयवर घेतले. पावतीवर पत्ता नाही, मॉडेल नाही, मशीनचा सिरियल नंबर नाही, फक्त एक मोबाइल नंबर, जो आठवड्याभरात बंद झाला. आजोबांचं म्हणणं एकच होतं, "माका पंख्याचोच आवाज येता."

ते अगदी बरोबर सांगत होते. वयामुळे ऐकू कमी होतं तेव्हा बहुतेकांचा आधी वरच्या पट्टीतला आवाज जातो. पंखा, गाडीचं इंजिन, समुद्राची गाज हे खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत असतात. स, श, फ, ट, क ही व्यंजनं मात्र हरवतात. म्हणून 'ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही' ही तक्रार असते. खरं श्रवणयंत्र प्रत्येक पट्टीचा आवाज त्या माणसाच्या कानाच्या गरजेइतकाच वाढवतं आणि अचानक मोठा आवाज झाला तर त्याला मर्यादा घालतं. या कुटुंबाला मिळालेली वस्तू म्हणजे साधा आवाजवर्धक. ऑनलाइन दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो. तो पंखाही वाढवतो, भांड्याचा खणखणाटही वाढवतो आणि आवाजाला नीट मर्यादा नसल्याने उरलेल्या श्रवणाला इजा होण्याचा धोका राहतो.

ओळखायचं कसं? डबीत कानात घालायची लहान-मध्यम-मोठी अशी सिलिकॉनची तीन बोंडं, बाजूला आवाजाचं चाक, आणि दोन्ही मशीन हुबेहूब सारखी असली की शंका घ्यावी. प्रोग्रॅम होणाऱ्या यंत्राच्या जोडीत उजव्यावर लाल आणि डाव्यावर निळी खूण असते. सिरियल नंबर यंत्राच्या अंगावर किंवा बॅटरीच्या कप्प्यात कोरलेला असतो. सर्वात खात्रीची परीक्षा म्हणजे विकणाऱ्याला सांगा, लॅपटॉपला जोडून याच कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, आणि त्यावर केलेलं सेटिंग पडद्यावर दाखवा. आवाजवर्धक विकणारा इथे विषय बदलतो.

तपासणीतच बहुतेक फसवणूक उघडी पडते. सभामंडपात पंखे फिरताहेत, बाहेर गाड्या जाताहेत आणि मोबाइलच्या अॅपवर पाच मिनिटांत आलेख काढून दिला, तर तो कागद रद्दी आहे. शांत, आवाजरोधक खोली लागते. आधी कानात डोकावून पाहतात, कारण नुसता मळ घट्ट बसला तरी ऐकू कमी येतं आणि तो काढला की मशीनची गरजच उरत नाही. मग दोन्ही कान वेगवेगळे, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत तपासतात. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. त्यानंतर कानामागच्या हाडावर कंपन देणारं छोटं यंत्र लावून पुन्हा चाचणी. ही हाडाची चाचणी गाळली तर दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या नसेत, हे कळतच नाही. मधल्या कानाचा दोष अनेकदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा; तिथे उशीर महाग पडतो.

अहवालावर ऑडिओलॉजिस्टचं (श्रवणतज्ज्ञाचं) नाव, सही आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. १९९२च्या परिषद कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणं शिक्षेस पात्र आहे. 'आमचे टेक्निशियन' एवढ्यावर समाधान मानू नये.

पावतीची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. या कुटुंबाच्या पावतीवर १८ टक्के लावला होता. म्हणजे एक तर वस्तू श्रवणयंत्र नव्हती, नाहीतर कर म्हणून वरचे पैसे खिशात गेले. बॅटरीवर कर असतो, तो वेगळा दाखवायला हवा.

शाळकरी मुलाच्या बाबतीत नुकसान आणखी खोल असतं. मुलाला कानाच्या मापाचा मऊ साचा लागतो, आणि कान वाढतो तसा तो पुन्हा बनवावा लागतो. तयार बोंडं सैल बसली की शिट्टी वाजते, मूल मशीन काढून दप्तरात टाकतं, आणि 'त्याला आवडत नाही' असं सगळे ठरवून मोकळे होतात. शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना शेवटच्या बाकापर्यंत बाईंचं बोलणं पोचत नाही, कितीही भारी यंत्र असलं तरी. यावर उपाय म्हणजे पुढच्या बाकाची जागा आणि शिक्षकाच्या गळ्यातला वायरलेस माइक, जो मुलाच्या यंत्राशी जुळायला हवा. खरेदीच्या वेळीच तो जोडता येईल का, हे विचारून घ्यावं.

आता 'सरकारी अनुदाना'बद्दल. अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना खरी आहे, पण त्यात दुकानदार निम्मी किंमत रोख मागत नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला आणि महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत मिळतं. यूडीआयडी कार्डाला, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रालाही शुल्क नाही. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. मुंबईत मुलाकडे जाणं होत असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणीही होते. शिबिरात आधार आणि यूडीआयडीची झेरॉक्स देऊ नये. तुमच्या नावावर कुणी दुसऱ्याने साधन उचललं, तर पुढचा तुमचा अर्ज अडतो.

खरं यंत्र घेतल्यावर कोकणातल्या हवेचा त्रास असतोच. यंत्राच्या झिंक-एअर (हवेवर चालणाऱ्या) बॅटरीचं स्टिकर काढलं की तिच्यात हवा शिरते, मग एक-दोन मिनिटं थांबून बसवावी. रात्री कप्पा उघडा ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं, पावसाळ्यात तर न चुकता. विक्रेता हे सांगत नसेल, पंधरा दिवसांनी पुन्हा सेटिंगला बोलावत नसेल आणि यंत्र वापरून पाहायची मुदत लेखी देत नसेल, तर पैसे देऊ नयेत.

फसलात तर पैसे ऑनलाइन गेल्या-गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सोबत फलकाचा फोटो, पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, शिबिरातला 'अहवाल' आणि नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टकडून नव्याने केलेली तपासणी जोडा. एजंट पुन्हा भेटला आणि 'बदलून देतो' म्हणाला तरी मूळ मशीन त्याच्या हातात देऊ नका. आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि ते खोक्यासकट घरातच ठेवा.