खोडलेली किंमत: वॉशिंग मशिनच्या खरेदीत बसलेला फटका

दसऱ्याच्या तोंडावर आम्ही नाशिकमधल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानातून फ्रंट लोड वॉशिंग मशिन घेतलं. पाटीवर किंमत होती २७,९९० रुपये. प्रत्यक्षात गेले ३४,५८७. दुकानाचं नाव इथे घेत नाही, कारण नंतर नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी विषय काढला तर जो तो आपापल्या दुकानाची हीच कथा सांगू लागला. दिवाळी, पाडवा किंवा लग्नसराईत कुणाची मोठी खरेदी व्हायची असेल तर हे वाचून मगच दुकानात जा.

आधी त्या पाटीबद्दल. वर ४६,९९०, त्यावर तिरकी लाल रेघ. खाली पिवळ्या पट्टीवर ठसठशीत २७,९९०. शेजारी गोलात ‘४०% सूट’. आणि २७,९९० च्या शेवटच्या शून्याच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी, जिचा खुलासा पाटीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होता.

सासूबाई सोबत होत्या. त्या पाटी वाचून हसल्या. म्हणाल्या, “सरळ अठ्ठावीस हजार लिहायला काय होतं यांना? बाटावाले पंच्याण्णव पैसे लावायचे तेव्हापासून बघतेय.” हे अगदी खरं. किमतीच्या शेवटी नव्वद नाहीतर नव्व्याण्णव असतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपण डावीकडून वाचतो, सत्तावीस आधी दिसतात आणि मनात तेच राहतात. पण त्या दहा रुपयांनी कुणाचं घर बुडत नाही. नव्व्याण्णवच्या वस्तूला शंभराची नोट दिली की सुटा रुपया नाही म्हणून हातावर चॉकलेट ठेवतात, त्याचा राग मला जास्त येतो, आणि यूपीआय आल्यापासून तोही कमी झालाय. म्हणजे ज्या युक्तीला सगळे हसतात ती निरुपद्रवी आहे. फटका बसतो तो तिच्या वर लिहिलेल्या, खोडलेल्या आकड्यामुळे. तो आकडा कुणी ठरवला, असं काउंटरवर कुणी विचारत नाही.

सेल्समन पोरगा बोलायला गोड. सासूबाईंना मावशी, मला मॅडम. आमच्या मशिनच्या एका बाजूला २६,४९० चं मशिन होतं, सात किलोचं आणि त्यात पाणी तापवायची सोय नाही. दुसऱ्या बाजूला ४१ हजारांचं. मधलं आठ किलोचं, हीटरवालं. “दीड हजारात एवढा फरक मिळतोय मॅडम, ते छोटं तर आमच्याकडे कुणी घेतच नाही.” कुणी घेत नाही तर ते समोर मांडून कशाला ठेवलंय? ते विकायला ठेवलेलंच नसतं. मधलं मशिन स्वस्त दिसावं एवढंच त्याचं काम. हे मला माझ्या चुलतभावाने नंतर सांगितलं. त्याने अशाच एका दुकानात काही वर्षं काढली आहेत.

आता पैसे कसे वाढत गेले ते पाहा.

बिलिंगला गेल्यावर चांदणीचा अर्थ कळला. २७,९९० हा भाव एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर २,००० चा कॅशबॅक धरून होता. ते कार्ड आमच्याकडे नाही. म्हणजे मशिन २९,९९० ला. मग ‘इन्स्टॉलेशन किट’, १,२९९. त्यात स्टँड, प्लॅस्टिकचं कव्हर, पाण्याचा पाइप आणि खार काढायची पावडर. “हे कंपल्सरी आहे मॅडम, स्टँडशिवाय कंपनीचा माणूस बसवून देत नाही.” पुढे ‘नो कॉस्ट ईएमआय’. हप्त्यांवर व्याज नाही म्हणे, पण फायनान्स कंपनीचा फाइल चार्ज ७९९. रोख दिले तर काय, असं माझ्या नवऱ्याने सहज विचारलं. पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला, रोखीत हजार कमी करतो. म्हणजे बिनव्याजी हप्त्यांचं व्याज त्या हजारात बसलेलंच होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना ठणकावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रोसेसिंग फीच्या नावाखाली गिऱ्हाइकाकडूनच काढलं जातं. आमचे पैसे दिवाळीच्या इतर खर्चासाठी बाजूला होते, म्हणून हप्ताच घेतला.

शेवटची ओळ घरी आल्यावर दिसली. बिलात ‘ईडब्ल्यू २वाय – २,४९९’ अशी नोंद होती. ही वाढीव वॉरंटी. आम्ही मागितली नव्हती आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. टॅबवर “इथे सही करा, इथे ओटीपी सांगा” असं पटापट चाललेलं असतं, त्यात ती बसवली. शिवाय ती मशिनच्या कंपनीची नाही, तिसऱ्याच कुणाची तरी. चुलतभाऊ म्हणतो, मशिनवर सेल्समनला फारसं काही सुटत नाही, सुटतं ते या प्लॅनवर, आणि त्याचं टार्गेट असतं.

दोन दिवसांनी टेंपोतून मशिन आलं. बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने खोका फोडला तर आत कंपनीचा पाइप होताच. किटमधला दुसरा पाइप आजही माळ्यावर पडलाय. स्टँड सक्तीचा आहे का विचारलं, तर म्हणाला, “नाही हो ताई, जमीन सपाट असली की झालं.” नवरा खोका घडी घालून रद्दीत टाकायला निघाला होता. त्याच्या बाजूवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीकडे माझं लक्ष गेलं: उत्पादनाचा महिना, नग १, ‘एमआरपी ३६,५००, सर्व करांसहित’.

छत्तीस हजार पाचशे! पाटीवर खोडलेले होते ४६,९९०. कंपनीने छापलेल्या कमाल किमतीपेक्षा १०,४९० रुपये जास्त लिहायचे, ते खोडायचे आणि सूट दाखवायची. मशिनचे २९,९९० धरले तर आम्हाला मिळालेली खरी सूट ६,५१० रुपये. पाटी सांगत होती १९,०००.

दुकानात शोपीस बिनखोक्याचा असतो आणि तुमचा खोका गोडाऊनमधून थेट घरी येतो. म्हणून छापील किंमत खरेदीच्या वेळी डोळ्यांसमोर येतच नाही. सगळी मेख इथे आहे.

आणि माणसाचं मन त्या खोट्या आकड्याला कसं धरून बसतं पाहा. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मध्ये छापून आलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांसमोर नशिबाचं चाक फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वर थांबेल अशी व्यवस्था केलेली. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांना १० दिसले त्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५ च्या. चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नसताना! इथे तर आकडा त्याच मशिनवर टांगलेला होता. आमच्या घरातलं बोलणं मला आठवतंय. “एकोणीस हजार वाचतायत, मग बाराशेच्या स्टँडवरून कशाला हुज्जत घालायची?” एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून वाद घालणारे आम्ही. जे एकोणीस हजार मुळात नव्हतेच, त्यांतून किट आणि फाइल चार्ज दिल्यासारखे वाटले, म्हणून ते टोचले नाहीत.

खोक्याचा फोटो घेऊन मी दुकानात गेले. मॅनेजर अजिबात गडबडला नाही. “मॅडम, पाटीवर एमआरपी कुठे लिहिलंय? ती मार्केट प्राइस आहे.” पाटी पुन्हा पाहिली. खरंच, एमआरपी ही अक्षरं तिच्यावर कुठेच नव्हती. नुसता आकडा आणि रेघ. बाकी आपण आपल्या मनाने वाचतो, हे त्याला पक्कं माहीत.

तरी यात कायदा अगदीच आंधळा नाही. वस्तू ज्या किमतीला मिळते तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. ‘फ्लॅट ४० टक्के सूट’ लावायची आणि सूट वजा करून उरलेल्या रकमेवर वेगळा कर घ्यायचा, हा प्रकार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्येच दिशाभूल ठरवला होता; कारण एमआरपीत कर धरलेलाच असतो. कपड्यांच्या सेलमध्ये अजूनही कुणी हे करत असेल तर सोडू नका. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवून खर्च करायला लावणाऱ्या युक्त्यांवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत न सांगता कार्टमध्ये वस्तू घुसडणं आहे, किंमत शेवटपर्यंत टप्प्याटप्प्याने उघड करणं आहे, खोटी घाई लावणंही आहे. पण तिथे डोळ्यांसमोर आहेत प्रामुख्याने अ‍ॅप आणि वेबसाइट. दुकानात तेच सगळं टी-शर्ट घातलेला हसतमुख पोरगा करतो. “ऑफर आज रात्रीपर्यंतच” हे वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं. पाटी दिवाळीनंतरही तिथेच होती.

तेव्हा पैसे देण्याआधी मॉडेलचा पूर्ण नंबर मागा आणि गोडाऊनमधल्या खोक्यावरच्या एमआरपीचा फोटो मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, नाही कसा येत! टाळाटाळ केली तर समजून जा. पाटीचा फोटो चांदणीसकट काढून ठेवा, कारण तक्रार झाली की पाटी बदलते. आणि ओटीपी सांगण्याआधी बिल कागदावर काढून मागा. मागे रांग असली तरी. रांगेतल्यांचाही फायदाच होईल.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल, पाटी आणि खोका तिन्हींचे फोटो जोडून. दुकानालाही ईमेल टाकली, त्यात दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन असं लिहिलं; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, हेही मुद्दाम लिहिलं. काही दिवसांनी त्या वॉरंटीचे २,४९९ खात्यावर परत आले, ‘सिस्टीममधल्या चुकीमुळे’ अशा खुलाशासह. किटचे पैसे दिले नाहीत, सामान वापरलेलं आहे म्हणाले. खोडलेल्या किमतीबद्दल उत्तर आलं नाही. फक्त परवा तिकडून जाताना पाहिलं, पाटीवर ४६,९९० च्या आधी आता बारीक अक्षरात ‘मार्केट प्राइस’ असं छापलंय.