कॉन्टेक्स्टमधले रंग आणि ट्रान्सपरन्सी: 9 महिने वापरल्यावर

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका यंदा मी कॉन्टेक्स्टमध्ये लावली. हान्स हागेन यांची ही नेदरलँड्सची सिस्टीम, आज्ञा लिहून पानं मांडायची, टेक (TeX) नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामवर चालणारी.

रंगांचं काम मला जाम आवडलं. वरती एकदा डिफाइन कलर लिहून केशरी म्हणजे काय ते ठरवायचं, मग शीर्षक, चौकट, पानाचा आकडा सगळ्यांना तेच नाव द्यायचं. सेक्रेटरी काकांनी तीनदा रंग बदलायला लावला, तिन्ही वेळा मी एकच ओळ बदलली आणि चहा प्यायला गेलो. पण नाव लिहिताना हात घसरला तर हा गडी थांबत नाही, मुकाट काळ्यात छापतो, मला ते 40 पानं झाल्यावर दिसलं!

काळ्याचीच गंमत सांगतो. आधी मी सगळे रंग आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा हिशेबात दिले होते, त्यातला काळा छपाईला जाताना छपाईच्या चारही शाईंचा (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) मिळून झाला, प्लेट केसभर हलली आणि बारीक अक्षरांच्या शिरोरेषेला खालून गुलाबी किनार. भिंग लावलं तर प्रत्येक ओळीने जरीची साडी नेसल्यासारखी. मजकुराचा काळा फक्त के=1 (के म्हणजे काळी शाई) ठेवा, बाकी तीन शून्य. केशरी पण सीएमवायकेत, म्हणजे याच चार शाईंच्या हिशेबातच ठरवा, स्क्रीनवरचा भडक केशरी कागदावर तसा उतरतच नाही.

आता ट्रान्सपरन्सी, म्हणजे रंगातून खालचं दिसू देणं. रंगाच्या व्याख्येतच ए आणि टी द्यायचे. ए म्हणजे खालच्या रंगात मिसळायची पद्धत, 1 साधी, 2 मल्टिप्लाय (गडद करणारी) वगैरे, आणि टी म्हणजे रंग किती ठोस. नुसता टी दिला तर काहीच होत नाही, माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. शिवाय टी=1 म्हणजे पूर्ण ठोस आणि 0 म्हणजे गायब, नाव ट्रान्सपरन्सीचं आणि हिशेब उलटा, अजून गडबडतो मी.

कार्यकारिणीच्या पानामागे कुंकवाच्या रंगाचा गणपती टी=.15 ने टाकला. घरी झकास दिसला. प्रूफ आलं तर गणपती ठोस कुंकू आणि खजिनदारांसकट सगळी नावं बाप्पाच्या पोटात. छापखान्यातला पोरगा म्हणाला, "दादा, ट्रान्सपरन्सी काढून द्या, आपल्याकडे एक्स-1ए फाईलच चालते." त्याचं बरोबर होतं. एक्स-1ए, एक्स-4 हे छपाईच्या पीडीएफचे ठरलेले प्रकार. पीडीएफमध्ये ट्रान्सपरन्सी आली ती आवृत्ती 1.4 पासून, 2001 साली, आणि पीडीएफ एक्स-1ए मध्ये ती चालतच नाही, एक्स-4 मध्ये चालते. तेव्हा छापखान्याला हे आधी विचारा, मी विचारलं नव्हतं.

शेवटी मी टी काढून टाकला आणि गणपतीला सरळ फिका कुंकवाचा नवीन रंग दिला. पांढऱ्या कागदावर डोळ्याला फरक कळत नाही. फोटोवर अर्धपारदर्शक पट्टी टाकायची असेल तर मात्र हा जुगाड चालत नाही, तिथे खालचा फोटो दिसायलाच हवा, म्हणून ती दोन पानं एक्स-4 घेणाऱ्या दुसऱ्या छापखान्यात दिली, थोडे जास्त पैसे गेले, काका अजून बिल विचारतायत.