पिशवी, पेटी की विजेचं यंत्र? घरच्या बिअरचा पहिला संच निवडताना

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीतून दर पावसाळ्यात कुणी ना कुणी शिकायला किंवा नोकरीला बाहेर जातं. ऑकलंडला असताना मी घरी बिअर करायचो हे कळल्यापासून त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काका, तिकडे ऑल-ग्रेन करायची तर सामान कुठलं घेऊ?" सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो.

आधी कायदा. हे सगळं तिकडे करायचं आहे, इकडे नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे आणि "घरापुरतीच केली" ही सबब त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने केंद्राच्या पातळीवर मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर, पण विकायची नाही. तिथली राज्यं मात्र आपापल्या गतीने आली. मिसिसिपी आणि अलाबामा तर थेट 2013 मध्ये. कुवेत किंवा सौदीला निघालेल्यांनी इथेच वाचन थांबवावं.

ऑल-ग्रेन म्हणजे मॉल्टचा तयार पाक न वापरता धान्यापासून सुरुवात. मोड आणून वाळवलेला जव, म्हणजेच मॉल्ट, भरडायचा, 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा. त्या वेळात धान्यातलीच एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात. हा मॅश. मग गोड पाणी गाळून हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. संचांमधला सगळा फरक पहिल्या दोन कामांत आहे: तापमान कसं धरायचं आणि गाळायचं कसं. थंड करण्यापासून पुढे सगळे एकाच बोटीत, आणि बिअर बिघडते ती बहुतेक तिथेच. निवडीची चर्चा मात्र नेहमी भांड्यांवर अडकते.

पिशवी

एक मोठं भांडं, त्यात जाळीदार कापडाची पिशवी, पिशवीत धान्य. तास झाला की पिशवी उचलायची, निथळू द्यायची, त्याच भांड्यात उकळी आणायची. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी 2000 च्या दशकात ही पद्धत रुळवली. सर्वांत स्वस्त, धुवायला सर्वांत कमी, जागा एका भांड्याची.

भांडं मात्र छोटं घेऊ नका. 20 लिटर बिअरसाठी साधारण 5 किलो मॉल्ट लागतो. उकळताना तासाला तीन-साडेतीन लिटर उडतात, पिळून काढलेलं धान्यही तितकंच पाणी पिऊन बसतं, तळाच्या गाळात दोनेक लिटर जातात. म्हणजे सुरुवातीलाच 29 लिटर पाणी. धान्य बुडलं की पातळी 32-33 लिटरवर येते. 30 लिटरचं भांडं दुकानात पुरेसं वाटतं आणि घरी पाणी ओतताना अपुरं पडतं. 40 लिटरचंच घ्या.

खरी अडचण उचलण्याची. भिजलेली पिशवी दहा किलोच्या वर जाते, गरम असते, आणि ती भांड्यावर मिनिटभर तरी अधांतरी धरावी लागते. आत्ताच तपासून बघा: दहा किलो तांदळाची पिशवी छातीच्या उंचीवर, हात शरीरापासून लांब ठेवून मिनिटभर धरा. जमलं नाही तर छताला कप्पी लावायची सोय बघा किंवा 10 लिटरचा घाणा करा. भाड्याच्या घरात छताला भोक पाडू देणारा घरमालक मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे बहुतेकांसाठी उत्तर 10 लिटर. पहिल्या वर्षाला ते वाईटही नाही. चुकलं तर कमी ओतून द्यावं लागतं.

बर्फाची पेटी

सहलीला नेतात ती, जाड भिंतीची. तळाशी जाळी किंवा भोकं पाडलेली नळी, बाजूला तोटी. त्यात मॅश करायचा. मग 76 अंशांच्या आसपासचं पाणी वरून घालून धान्यातली उरलेली साखर धुऊन घ्यायची. उकळायला भांडं वेगळं, आणि धुण्याचं पाणी तापवायला आणखी एक.

हिची जमेची बाजू म्हणजे तापमान. चांगली पेटी तासाभरात एक-दोन अंशच गमावते. 5 किलो धान्य 20 अंशांवर असेल आणि पाणी 15 लिटर, तर ते 73 अंशांवर ओतलं की मॅश 67 च्या जवळ बसतो. पेटी स्वतःही थोडी उष्णता खाते, म्हणून आधी गरम पाण्याने शेकून घ्यायची. वजन उचलायचं नाही, तोटी उघडली की काम होतं. ज्यांची पाठ बोलते त्यांना मी डोळे झाकून हीच सांगतो.

उलट बाजूही आहे. भांडी तीन, धुणं तिप्पट, दिवस दीड-दोन तासांनी लांबतो. शिवाय गाळणं अडकू शकतं. गव्हाचा मॉल्ट जास्त असला की चिकट लगदा तोटी बंद करून टाकतो. त्यावर तिकडच्या दुकानात भाताचं तूस मिळतं, मूठभर मिसळलं की वाट मोकळी होते. आपल्याकडे कोकणात जे गोठ्यात नाहीतर चुलीत जातं, ते तिथे पाकिटातून विकत घ्यायचं. असो.

विजेचं सगळं-एकात

न्यूझीलंडचं ग्रेनफादर, मेलबर्नच्या केगलँडचं ब्रूझिला, अमेरिकेतलं अॅन्व्हिल फाउंड्री. स्टीलचा उभा डबा, तळाशी हीटर, आत धान्याची जाळीदार बादली, फिरता पंप आणि आकडे दाखवणारा पडदा. सकाळी अमुक वाजता 67 अंश हवं असं रात्रीच लावून झोपता येतं. बादली कडांवर टेकवून निथळत ठेवता येते, त्यामुळे ती उचलावी लागली तरी धरून उभं राहावं लागत नाही.

घ्यायचं की नाही हे मात्र तुमच्या हौसेपेक्षा तिथल्या प्लगवर ठरतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या साध्या 10 अँपिअरच्या सॉकेटमधून 2400 वॉट मिळतात. ब्रिटनमध्ये 3000 च्या आसपास. अमेरिका-कॅनडात घरभर 120 व्होल्ट, तिथे अशी यंत्रं जेमतेम 1500-1600 वॉटवर चालतात. 29 लिटर पाणी 20 वरून 68 अंशांवर न्यायला 2400 वॉटवर 40 मिनिटं, 1500 वर एक तास पाच मिनिटं. पुढे उकळीपर्यंत पहिल्याला 24, दुसऱ्याला 39. हा नुसता हिशोब झाला, डब्यातून बाहेर जाणारी उष्णता धरली तर फरक आणखी वाढतो. आणि उकळी फुटली तरी कमी वॉटवर ती नुसती हसत राहते, खदखदत नाही. म्हणून सिडनी, मँचेस्टर, ऑकलंडला जाणाऱ्यांनी हे यंत्र पहिल्या दिवसापासून विचारात घ्यावं. टोरांटो, डॅलसला जाणाऱ्यांनी 240 व्होल्टचा सॉकेट हाताशी नसेल तर पिशवी आणि गॅसचा बर्नर. बर्नर उघड्यावर, लाकडी बाल्कनीत नाही आणि घरात तर नाहीच: कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

एका व्होल्टेजचं यंत्र दुसऱ्या व्होल्टेजच्या देशात चालत नाही. देश बदलायची शक्यता असेल तर एवढे पैसे अडकवू नका. शिवाय बारीक पीठ हीटरवर बसलं की करपतं आणि तो करपट वास शेवटच्या बाटलीपर्यंत पाठ सोडत नाही.

तीन स्टीलची भांडी, दोन पंप, लोखंडी मांडणी असा चौथा प्रकार आहे. फोटोत फार देखणा दिसतो. पहिल्यांदा करणाऱ्याने फोटोच बघावेत.

आता पैसे कुठे घालायचे

माझं मत विचाराल तर पिशवी घ्या आणि वाचलेले पैसे फ्रिजवर घाला. जुना, वापरलेला चालेल. आतमध्ये आंबवायचा डबा मावला पाहिजे, आणि फ्रिजचा प्लग तापमान-नियंत्रकातून जायला हवा. इंकबर्डचे असे नियंत्रक सहज मिळतात. एल (खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबणारी बिअर) करायच्या नेहमीच्या यीस्टला 18 ते 20 अंश हवे असतात, आणि जोरात आंबत असताना डब्यातलं तापमान खोलीपेक्षा काही अंश वर चढतं. खोली 24 वर असेल तर आत 27-28 होतं आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास किंवा घशाला झोंबणारा तिखटपणा येतो. महागड्या यंत्रात केलेला मॅश इथे काहीच वाचवत नाही. फ्रिजला जागा नसेल तर क्वाइक नावाचं नॉर्वेचं यीस्ट बघा, ते 30 ते 40 अंशांवरही नीट काम करतं.

थंड करण्याचंही तिथल्या नळावर अवलंबून आहे. तांब्याची वेटोळी नळी उकळत्या भांड्यात सोडून त्यातून नळाचं पाणी फिरवतात. हिवाळ्यात मेलबर्नला ते झकास चालतं. उन्हाळ्यात टेक्सासला नळाचंच पाणी कोमट येतं, तिथे बर्फाची जोड द्यावी लागते. ऑस्ट्रेलियातले काही जण उकळतं द्रव सरळ जाड प्लास्टिकच्या बंद कॅनमध्ये भरून रात्रभर आपोआप निवू देतात. पाणी वाचतं, नळीचा खर्चही. कॅन उकळतं द्रव सोसणारा, खाद्यपदार्थांसाठीचाच हवा.

थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवात साखर किती ते मोजणारी तरंगती काचेची नळी) आणि लावल्यावर पुन्हा धुवावं न लागणारं निर्जंतुकीकरणाचं द्रावण यांत काटकसर नको. बाटल्या दुसऱ्याच्या रिकाम्या झालेल्या चालतात, फक्त ज्यांचं झाकण फिरवून उघडतं त्या नकोत.

ठाण्यातून काय न्यायचं

जांभळी नाक्यावर 40 लिटरचा टोप छान मिळतो म्हणून तो बॅगेत भरायला निघालेला एक मुलगा मला माहीत आहे. नेऊ नका. 23 किलोच्या मर्यादेत तो परवडत नाही, आणि चपट्या, रुंद टोपातून वाफही जास्त उडते. भांडं तिकडे घ्या, उभट.

पिशवी मात्र इथून शिवून न्या. नौपाड्यात पडद्याचं पांढरं, बिनरंगी पॉलिएस्टर व्हॉइल मिळतं. मलमल नको: ती लवकर चोंदते आणि वास धरते. शिंप्याला "भांड्याचं अस्तर" म्हणून सांगा, लगेच कळेल. घेर भांड्याच्या तोंडाइतका अधिक चार बोटं, उंची भांड्यापेक्षा वीतभर जास्त, शिवण दुहेरी आणि दोरा पॉलिएस्टरचा. उचलायच्या चार पट्ट्या नुसत्या वरच्या काठाला न लावता तळाखालून आडव्या-उभ्या घ्यायला लावा, म्हणजे वजन शिवणीवर येत नाही. भांड्याचं माप आधी माहीत नसेल तर तोंडाचा व्यास 40 सेंटिमीटर धरा आणि काठात नाडी घालून घ्या.