कॅथलिक प्राथमिक शाळा की परिसरातील मराठी शाळा : नाशिकच्या पालकांसाठी तुलनात्मक आढावा

नाशिकमध्ये मुलाला पहिलीत घालण्याची वेळ आली की अनेक घरांत दोन शाळांची नावे समोरासमोर येतात. एक असते सिस्टरांची किंवा फादरांची इंग्रजी माध्यमाची शाळा, तर दुसरी घरापासून चालत जाता येईल अशी एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेची अनुदानित मराठी शाळा. घरातली चर्चा बहुधा इंग्रजी, शिस्त आणि फी यांवरच आटोपते. परंतु पहिली ते पाचवीच्या वयात मूल कोणत्या माणसांत वाढते आणि ती माणसे त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, यावर त्याचे शिकणे जास्त अवलंबून असते. म्हणून या आढाव्यात दोन्ही शाळांचे सामूहिक जीवन आणि अध्ययन यांचाच प्रामुख्याने विचार केला आहे. सीबीएसईच्या नव्या शाळा मुद्दाम वगळल्या आहेत, कारण त्यांची निवड बहुतेकदा इमारत आणि ऐपत यांच्या हिशेबावर होते आणि तो विषय वेगळा आहे.

आरंभी एक खबरदारी घ्यावी. शाळेच्या नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असले म्हणजे ती शाळा कॅथलिक असतेच असे नाही. खाजगी संस्थांनीही अशी नावे सर्रास घेतलेली आहेत. शिवाय प्रत्येक ख्रिस्ती संस्था कॅथलिक नसते. शरणपूरची वसाहत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची होती आणि देवळालीचे 1925 साली सुरू झालेले बार्न्स स्कूल अँग्लिकन परंपरेतले आहे. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकारातला प्रदेश) 1987 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि येशूसंघीय (जेझुइट) थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. एखादी शाळा खरोखर कॅथलिक आहे का, हे तिची मालकी धर्मप्रांताकडे किंवा एखाद्या संन्यासिनी वा धर्मगुरूंच्या संघाकडे आहे की नाही यावरून ठरते. शाळेच्या कार्यालयात व्यवस्थापन कोणाचे आणि अल्पसंख्याक दर्जा आहे का, असे सरळ विचारावे. पुढे प्रवेशाच्या नियमांशीही या उत्तराचा थेट संबंध येतो.

आता शाळेचा दिवस पाहू. कॅथलिक शाळेत सकाळच्या परिपाठात प्रार्थना, गीत, एखादा सुविचार, विद्यार्थ्यांनी वाचलेल्या बातम्या आणि राष्ट्रगीत असा क्रम असतो, आणि मुलांना आळीपाळीने माइकसमोर उभे केले जाते. मराठी शाळेत राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना यांचा परिपाठ होतो. कित्येक शाळांत दिवसाची अखेर पसायदानाने होते. वरवर पाहता दोन्हींत फारसे अंतर नाही. अंतर पडते ते वर्षाच्या दिनदर्शिकेत. कॅथलिक शाळेचे वर्ष आश्रयदात्या संताचा सण, डिसेंबरातील नाताळचा गोठा आणि गीते, ईस्टरपूर्वीच्या, राखेच्या बुधवारपासूनच्या प्रायश्चित्तकाळात वृद्धाश्रमासाठी किंवा गरजूंसाठी मुलांकडून जमवलेली मदत, आणि रंगांच्या किंवा संतांच्या नावांच्या ‘हाउस’मध्ये वाटलेल्या मुलांच्या क्रीडास्पर्धा यांभोवती फिरते. मराठी शाळेत आषाढीची दिंडी, सरस्वतीपूजन, बालआनंद मेळावा, स्नेहसंमेलन आणि कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, 27 फेब्रुवारीला, होणारा मराठी भाषा गौरव दिन यांना हे स्थान असते. कुसुमाग्रजांच्या गावात हा दिवस काहीशा हक्काने साजरा होतो, हे सांगायला नकोच.

यावरून धर्माचा प्रश्न निघतो, आणि तो एका बाजूचाच असल्यासारखा मांडला जातो, हे मला पटत नाही. हिंदू पालकांना कॅथलिक शाळेत मुलावर धर्म लादला जाईल अशी शंका वाटते. ख्रिस्ती पालकांना मराठी शाळेतील पूजा आणि दिंडीत आपल्या मुलाने काय करायचे, हे कळत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि हा नियम दोन्ही शाळांना सारखाच लागू आहे. प्रत्यक्षात बहुतेक कॅथलिक शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाच्या तासाला बसतात. भारतीय कॅथलिक बिशप्स परिषदेने 2024 मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत इतर धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, असे म्हटले आहे. सूचना आणि अंमलबजावणी यांत फरक असू शकतो. म्हणून प्रवेशापूर्वी दोन्हीकडे ‘मूल सहभागी झाले नाही तर ते त्या वेळेत कुठे बसते?’ हा एकच प्रश्न विचारावा. ठरलेली जागा आणि ठरलेली बाई असतील तर उत्तर लगेच मिळते.

अध्ययनाच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करायला हवा, कारण निर्णयाचे खरे वजन इथे आहे. घरी मराठी किंवा अहिराणी बोलणारे सहा वर्षांचे मूल मराठी शाळेत जेव्हा अक्षरे जोडून ‘विहीर’ वाचते, तेव्हा तो शब्द त्याला आधीच माहीत असतो. वाचन आणि अर्थ एकदमच हाती लागतात. तेच मूल इंग्रजी माध्यमात ‘वेल’ (well) वाचते, तेव्हा त्याला आधी ध्वनी, मग लेखनातील विसंगती आणि शेवटी अपरिचित शब्दाचा अर्थ अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. घरात कोणी रोज इंग्रजी गोष्ट वाचून दाखवणारे असेल तर दुसरीपर्यंत ही दरी भरून येते. तसे कोणी नसेल तर मूल प्रश्नोत्तरे पाठ करून वेळ निभावते आणि वही स्वच्छ, अक्षर सुबक, गुणही चांगले असल्यामुळे पालकांना काही कळत नाही. हे उघडे पडते ते तिसरी-चौथीत, जेव्हा परिसर अभ्यासात उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहायचे असते. राज्य मंडळाचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार काढण्याची पद्धत आहे; त्यात गोदावरी, धरणे, पिके, डोंगर आपल्याच जिल्ह्याचे असतात. मराठी शाळेतील मूल हा धडा घरी आजीला सांगू शकते आणि आजी त्यात द्राक्षबागेची किंवा पुराची भर घालते. इंग्रजी माध्यमातील मुलाचा तोच धडा बहुधा वहीतच राहतो.

याचा अर्थ कॅथलिक शाळा अध्यापनात मागे असते असा मुळीच नाही. मोठ्याने वाचन, कवितापठण, वक्तृत्व, रोजच्या नोंदवहीतून पालकांशी होणारा संवाद, ग्रंथालयाचा तास चुकता न होणे, या सवयी तेथे चिकाटीने लावल्या जातात, आणि इंग्रजी फक्त विषय न राहता पटांगणावरची भाषा व्हावी असा त्यांचा प्रयत्न असतो. मराठी शाळेत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, परंतु ते बोलण्याच्या पातळीला क्वचितच पोहोचते. पट घसरलेल्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असल्या तर तेवढाही वेळ मिळत नाही. उलट बाजूस, कॅथलिक शाळेत मराठीची हेळसांड होईल ही भीती आता पूर्वीइतकी उरलेली नाही, कारण 2020 च्या राज्य कायद्याने सर्व मंडळांच्या आणि माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तरीही विषय म्हणून शिकलेली मराठी आणि माध्यम म्हणून वापरलेली मराठी यांत जे अंतर आहे, ते कायद्याने भरत नाही. गणितापुरते इंग्रजी घेणारा सेमी इंग्रजीचा वर्ग मधला मार्ग म्हणून निवडण्यासारखा आहे. मात्र तो प्रत्येक शाळेत वेगळ्या इयत्तेपासून सुरू होतो, ते आधी पाहावे.

वर्गाच्या आकाराविषयी दोन्ही शाळांना एकच मोजपट्टी लावावी. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. मागणी असलेल्या इंग्रजी शाळेतील तुकडी याहून बरीच मोठी असू शकते, आणि तेव्हा शिस्त हे मूल्य कमी आणि गरज जास्त ठरते. एका बाईंनी इतक्या मुलांना सांभाळायचे म्हटल्यावर रांगेत चालणे, हात वर करणे, गप्प बसणे आलेच. ज्या पालकांना ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ हवीशी वाटते, त्यांनी तिच्यातला किती भाग विचाराने आलेला आहे आणि किती गर्दीमुळे, हे वर्गाच्या दारात दहा मिनिटे उभे राहून पाहावे.

शाळेत टिकून राहणारी मोठी माणसे हा मुद्दा फारसा कोणी विचारात घेत नाही. सिस्टर आणि फादर यांच्या बदल्या त्यांच्या संघाकडून किंवा धर्मप्रांताकडून ठराविक वर्षांनी होतात. एखाद्या प्रेमळ मुख्याध्यापिका सिस्टरांच्या लौकिकावर प्रवेश घ्यावा आणि मूल दुसरीत असताना त्यांची बदली व्हावी, असे घडू शकते. मात्र संघाची रीत पुढे चालू राहते आणि नव्या सिस्टर त्याच चौकटीत काम करतात, ही या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. अनुदानित मराठी शाळेतील शिक्षक वर्षानुवर्षे त्याच शाळेत किंवा त्याच संस्थेत असतात. एकाच बाईंनी आईला आणि नंतर मुलीला शिकवल्याची उदाहरणे जुन्या नाशकात दुर्मिळ नाहीत. पण जनगणना आणि निवडणूक यांची कामे कायद्यानेच त्यांच्याकडे येऊ शकतात, आणि त्या काळात वर्गाकडे कोण पाहणार, याचे समाधानकारक उत्तर प्रत्येक शाळेकडे नसते.

पालकांचे स्थानही वेगळे आहे. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत अशी तरतूद आहे. अल्पसंख्याक शाळेत अशा समितीचा अधिकार फार तर सल्ल्यापुरता राहतो. खाजगी शाळांत 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे मांडावा लागतो. कागदावर हे ठीक. व्यवहारात कॅथलिक शाळा पालकांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, नीट बोलावते. मराठी शाळेत शिपायाला सांगून मधल्या सुट्टीत बाईंना भेटता येते. कोणाला पहिली पद्धत आश्वासक वाटेल, कोणाला दुसरी.

अंतराचा मुद्दा मला फीपेक्षा मोठा वाटतो. पंचवटी, सिडको, इंदिरानगर आणि देवळाली अशा टोकांवरून एकाच वर्गात येणारी मुले व्हॅनमध्ये बसली की त्यांची मैत्री दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. शहराच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या धर्मांतून आणि भाषांतून आलेली मुले एकत्र बसतात, हा लाभ मोठा आहे आणि नाशिकरोडसारख्या मिश्र वस्तीच्या भागात तो अधिक जाणवतो. परंतु संध्याकाळी खेळायला कोणी नसते, ही त्याची किंमत. परिसरातील शाळेत सारे उलटे : वर्गातलीच मुले गल्लीत असतात, भांडण शाळेत सुरू होऊन ओट्यावर मिटते, आणि समाज मात्र बहुधा एकाच प्रकारचा मिळतो. त्यात 2027 च्या सिंहस्थामुळे शहरात रस्त्यांची कामे आणि गर्दी असणारच. लहान मुलाला रोज द्वारका चौकातून न्यावे लागणार असेल तर प्रवासाचा वेळ प्रत्यक्ष सकाळी जाऊन मोजावा.

प्रवेश आणि खर्चाविषयी थोडक्यात. शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांची सोडत अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्यांना या कायद्यातून वगळले आहे. म्हणून सोडतीच्या भरवशावर कॅथलिक शाळेची वाट पाहणे व्यर्थ आहे. अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तके आणि पोषण आहार मोफत मिळतो. कॅथलिक शाळांतही काही अनुदानित आहेत, तेव्हा फीचा अंदाज नावावरून बांधू नये.

माझा कल कुठे आहे ते सांगतो. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसेल, तर हिंदू असो वा ख्रिस्ती, पहिली दोन वर्षे तरी मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळेत काढावीत. घरी इंग्रजीचा आधार असेल, शाळा अर्ध्या तासाच्या आत असेल आणि तुकडी आटोपशीर असेल, तर कॅथलिक शाळेतील शिस्तबद्ध, मिश्र आणि सेवाभावाकडे वळवणारे वातावरण निःसंशय घेण्यासारखे आहे. कॅथलिक कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागतो. रविवारचे धर्मशिक्षण आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, होतेच, त्यामुळे केवळ त्यासाठी लांबची शाळा धरण्याचे कारण नाही. पण वर्गात आपले मूल एकटेच ख्रिस्ती असेल आणि ते बुजरे असेल, तर जिथे त्याचा सण सगळ्या शाळेचा सण असतो अशा ठिकाणी त्याला पाठवणे मी पसंत करीन, भाषेची अडचण सोसूनही.

पुढे शाळा बदलावी लागेल अशी शक्यता असेल तर बदलाची दिशा आधीच ठरवून ठेवावी. मराठीतून नीट वाचता-लिहिता येणारे मूल तिसरीत किंवा चौथीत इंग्रजी अथवा सेमी इंग्रजीकडे वर्षभराच्या मेहनतीने वळते. इंग्रजी माध्यमातून चौथीत मराठीत आणलेल्या मुलाला जोडाक्षरांपासून सुरुवात करावी लागते आणि वर्गासमोर ते त्याला लाजिरवाणे वाटते. राज्यात पाचवीच्या अखेरीस पुन्हा वार्षिक परीक्षा आली असल्यामुळे हा बदल पाचवीच्या वर्षात न करता चौथीच्या आरंभी करावा, आणि शाळा सोडल्याचा दाखला नव्या शाळेतील जागा लेखी निश्चित झाल्यावरच काढावा.