तीस गळ्यांचं कॉयर, युद्ध-शांतीची रचना: हायडन, वॉन विल्यम्स की जेन्किन्स?

वसईकडच्या एखाद्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या वस्तीचं, कॉयर (गायकवृंद) धरू. तीस गळे, त्यात टेनर, म्हणजे उंच पट्टीतले पुरुषगळे, जेमतेम पाच, आणि वाद्यवृंदाच्या जागी कीबोर्ड.

हायडनची 'मिस्सा इन टेम्पोरे बेली' (युद्धकाळातली मिस्सा) 1796 सालची, ऑस्ट्रिया नेपोलियनच्या सैन्याशी झुंजत होता तेव्हाची. साधारण 40 मिनिटांची. शब्द नेहमीच्या लॅटिन मिस्साचेच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचेच, त्यामुळे अर्थ समजावण्यात तालमी जात नाहीत. सगळा जीव आहे शेवटच्या 'आन्यूस देई'त, म्हणजे 'देवाच्या कोकरा' या प्रार्थनेत. कॉयर देवाच्या कोकराला, म्हणजे येशूला, आळवतं आणि खालून टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे) दबक्या आवाजात घुमत राहते, लांबून फौज येत असल्यासारखी. टिंपनीचे सूर दोनच, पांढरी एकचा सा आणि खालचा प. हौस नडते ती इथेच. टिंपनी नाही म्हणून ढोल आणला, तर त्याला असा नेमका सूर धरता येत नाही. कातड्याची टिंपनी मिळाली तरी खाडीकाठच्या दमट हवेत उतरत जाते. प्लॅस्टिकच्या पडद्याची मिळवा, नाहीतर कीबोर्डच्या खर्जावर समाधान माना. एकलगायक मात्र चार लागतील.

वॉन विल्यम्सची 'डोना नोबिस पाचेम' (आम्हाला शांती दे) 1936 ची, दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं असतानाची. वेळ जवळपास तेवढाच, एकलगायक दोन: सोप्रानो (उंच स्त्रीगळा) आणि बॅरिटोन (मधल्या पट्टीतला पुरुषगळा). लॅटिन प्रार्थनेच्या जोडीला बायबलमधली वचनं आणि वॉल्ट व्हिटमनच्या इंग्रजी कविता आहेत. एका कवितेत सैनिक शवपेटीतल्या शत्रूजवळ जातो, वाकतो आणि त्याच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याला हलकेच ओठ लावतो. हा भाग हळू गायचा, म्हणून सोपा वाटतो, आणि तिथेच श्वास तोकडे पडतात. व्हिटमनच्या नगाऱ्यांवरच्या कवितेच्या भागात उलट होतं: सगळे ओरडतात नि शब्द हरवतात. आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे 'पाचेम'चा म लवकर मिटणं. सूर 'चे'वरच धरा, म अगदी शेवटी.

जेन्किन्सची 'द आर्म्ड मॅन' 2000 साली प्रथम सादर झाली. तासाभराहून मोठी, चाली लगेच तोंडात बसणाऱ्या. तिच्यात महाभारतातल्या खांडववनाच्या आगीचा उतारा आहे, तो आपल्या श्रोत्यांना परका नाही. अजानही आहे. तिच्यासाठी मुअज्जिनांनाच, म्हणजे मशिदीत अजान देणाऱ्यांनाच, विनंती करावी, टेनरला नक्कल करायला लावू नये. खर्चाचं म्हणाल तर हायडन स्वामित्वहक्कातून मोकळाच आहे, आणि वॉन विल्यम्स 1958 ला वारले, म्हणजे भारतातला मृत्यूनंतरचा 60 वर्षांचा स्वामित्वहक्क 2018 अखेर संपला. जेन्किन्सच्या प्रती मात्र रीतसर घ्याव्या लागतात, झेरॉक्स चालत नाही. नव्या कॉयरने त्यातले तीन-चार भाग घ्यावेत, अख्खी नको.

माझा कल वॉन विल्यम्सकडे. पण तिचा शेवट साथीविना आहे. ठरवण्याआधी ती शेवटची पानं कीबोर्ड बंद ठेवून गाऊन बघा, मग पट्टी दाबा. अर्ध्या सुराहून जास्त उतरला असाल, तर यंदा हायडन.